जवाखालचं घर

भाडेकरार वाचून दाखवताना बाई एका कलमापाशी थांबल्या, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "जागा सोडताना झाडून-पुसून द्यायची. आधीच्यांनी दिली नाही."

"आधीच्या भाडेकरूंनी?"

"हो. सगळं तसंच टाकून गेले. फुटकी भांडी, कौलं, खिळे, हाडं. मी अजून उचलतेय."

हाडं ऐकून मी जरा चपापलो, पण मान हलवली. जर्मनीत येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. बाड हॉम्बुर्गमधल्या एका कंपनीत पंपांच्या डिझाइनचं काम होतं. शहरात जागा मिळत नव्हती आणि पुण्याहून बायको येण्याच्या आत डोक्यावर छप्पर हवं होतं. वेटराऊ नावाच्या त्या सपाट, काळ्याभोर जमिनीच्या पट्ट्यातलं हे गाव गाडीने पंचवीस मिनिटांवर होतं. शेतघराचा वरचा मजला, दोन खोल्या, खिडकीतून ओढ्याकडे उतरत गेलेली शेतं, मागे टाउनुसचे डोंगर. मी सही केली.

आधीचे भाडेकरू म्हणजे रोमन लोक, आणि ते जागा सोडून गेले त्याला सतराशेच्या वर वर्षं झाली, हे मला पुढच्या रविवारी कळलं.

बाई तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या होत्या. उंच, काटकुळ्या, चालताना पुढे झुकलेल्या. पायात बारा महिने रबरी बूट, अंगात वारलेल्या नवऱ्याचं जाकीट आणि जाकिटाच्या मोठ्या खिशात कायम सहा अंड्यांचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका. मूलबाळ नव्हतं. वडिलांची जमीन त्यांच्यात आणि त्यांच्या भावात वाटली गेली होती. भाऊ गेल्यावर त्याचा मुलगा, म्हणजे बाईंचा भाचा, ती कसायचा, आणि बाईंचीही बरीचशी जमीन तोच बघायचा. एक शेत मात्र बाईंनी कुणाला दिलं नव्हतं. त्यात जव पेरायचा तो त्यांनीच, आणि नांगर चालायचा तोही त्यांच्या नजरेसमोर, वरवर, माती जेमतेम खरवडून.

त्या रविवारी "चला, तुम्हाला जागा दाखवते," असं म्हणून त्या मला तिथे घेऊन गेल्या. कापणी होऊन गेलेली, शेत मोकळं. मी बांधावरून सरळ आत पाऊल टाकलं.

"हाल्ट," बाई मागून म्हणाल्या. "भिंतीतून कोण चालतं?"

मी पाऊल मागे घेतलं. समोर मातीशिवाय काहीही नव्हतं. बाई बांधाबांधाने पन्नासएक पावलं पुढे गेल्या, ओढ्याच्या बाजूला एका सफरचंदाच्या झाडासमोर थांबल्या, गवतावर बूट घासून पुसले आणि मग शेतात शिरल्या. मागे वळून मला म्हणाल्या, "आता या. हे दार आहे."

आत गेल्यावर त्या मला एकेक खोली दाखवत फिरल्या. इथे धान्याची कोठी, इथे अंगण, इथे चूल असावी, कारण जळलेली माती सापडते. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना त्या काटकोनात वळत. मीही वळत होतो. गावातला एक माणूस सायकलवरून जाताना थांबून आमच्याकडे बघत होता. बाईंनी त्याला हात केला, मी मात्र मान खाली घातली.

गोष्ट साधी होती. रोमन साम्राज्याची सीमा टाउनुसच्या त्या डोंगरांवरून जायची. सीमेवरच्या सैनिकांना धान्य लागे, म्हणून मागच्या सुपीक जमिनीत ठिकठिकाणी दगडी घरं बांधून लोकांनी शेती केली. पुढे सीमा मोडली, लोक निघून गेले, छपरं कोसळली, वरचे दगड गावकऱ्यांनी आपापल्या घरांना नेले, आणि उरलेल्या पायावर डोंगरउतारावरची माती येऊन बसली. बाई नऊ वर्षांच्या असताना वडिलांचा घोड्याचा नांगर या शेतात अडकला. वडिलांनी उकरून बघितलं. खाली चुन्यात बांधलेली, सरळ रेषेत गेलेली भिंत होती. त्यांनी ती तासाभरात पुन्हा बुजवली आणि मुलीला सांगितलं, "कुणाला बोलायचं नाही. एकदा सरकारी कागद आला की शेत आपलं राहत नाही."

बाईंनी तो शब्द पाळला होता. म्हणजे गावाला ठाऊक होतं, भाच्याला ठाऊक होतं, टपालवाल्यालाही ठाऊक होतं. फक्त सरकारला कळवलेलं नव्हतं.

त्यांच्या स्वयंपाकघरात फळीवर अंड्यांचे खोके रचून ठेवलेले असत. प्रत्येक खळग्यात एक खापर किंवा काचेचा तुकडा, आणि झाकणावर पेन्सिलीने हवामान: "तीन दिवस पाऊस, मग ऊन." "बर्फ वितळल्यावर." कुठे सापडलं ते का लिहीत नाही, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "कुठे ते मला माहीत आहे. हवा कशी होती ते विसरायला होतं."

चुलीशेजारी एक लालसर कौल होतं. कच्चं असताना कुठलासा कुत्रा त्यावरून चालत गेला होता, त्याच्या पंजाचे चार ठसे त्यात भाजून पक्के झालेले. बाई रोज सकाळी त्याला गुटन मॉर्गन म्हणत. शेतावर एकट्या राहता, कुत्रा का पाळत नाही, असं माझ्या बायकोने विचारलं, तर त्यांनी कौलाकडे बोट दाखवून म्हटलं, "आहे की. काही खातही नाही."

बायकोचं आणि त्यांचं पहिल्या महिन्यातच जमलं. बायको त्यांना पोहे नेऊन द्यायची, त्या खालून मनुकांचा केक पाठवायच्या. मला त्या कायम हेर इंजेन्योर, म्हणजे इंजिनिअरसाहेब, म्हणत. रोमनांनी केलेलं एखादं काम समजलं नाही की तेवढ्यासाठी खालून हाक यायची. पन्हळीला उतार किती दिला असेल. एवढा दगड दोन माणसांनी कसा उचलला असेल. मी कागदावर हिशेब करून दिला की तो त्या घडी घालून खोक्यात ठेवत. खरं सांगायचं तर ऑफिसमध्ये माझ्या कुठल्याही आकृतीकडे कुणी इतकं मन लावून बघितलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी कोल्हापूरहून आई तीन महिन्यांसाठी आली, आणि त्याच वर्षी तो भयंकर उन्हाळा पडला. जून सुरू होताच गवत करपलं, ओढा आटला, गावातली म्हातारी माणसं पडदे ओढून घरात बसली. आईला कळेना की एवढं काय झालंय. ती खिडकीत बसून निवांत शेंगा सोलायची.

एका दुपारी बाई धापा टाकत जिना चढून आल्या. "हेर इंजेन्योर, गोठ्याच्या माळ्यावर चला. आत्ता. आणि कागद घ्या."

गोठ्याच्या माळ्याला गवत ओढून घ्यायची एक झडप होती. तिच्यातून समोरच्या उतारावरचं ते शेत पूर्ण दिसायचं. जव अजून हिरवा होता आणि त्या हिरव्यात पिवळ्या रेघा उमटल्या होत्या. कुणी पट्टीने आखाव्यात तशा. जिथे खाली भिंत, तिथे मुळांना खोल जायला जागा नाही, ओल नाही, म्हणून तेवढाच जव आधी वाळलेला. एक मोठा चौकोन, त्यात लहान चौकोन, दोन टोकांना दोन पुढे आलेल्या खोल्या. एक अख्खं घर पडलेलं होतं समोर.

मी बाईंकडे बघितलं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मागे एकदा असाच उन्हाळा आला होता," त्या म्हणाल्या. "तेव्हा नवरा आजारी होता. या माळ्यावर चढायला दहा मिनिटं मिळाली मला. अर्धंच काढून झालं. मग पाऊस पडला आणि सगळं परत हिरवं झालं. सत्तावीस वर्षं वाट बघतेय मी."

आम्ही कॅलेंडरच्या पानाच्या मागच्या बाजूला तीन तास नकाशा काढत बसलो. ओढ्याकडच्या भागात रेघा पुसट होत्या. मला वाटलं तिथे भिंत सलग आहे, पण बाई म्हणाल्या, "तिथे दार आहे," आणि माझ्या हातातून पेन्सिल घेऊन त्यांनी स्वतः दार काढलं.

ऊन उतरल्यावर आम्ही सगळे शेतात गेलो. आईला मी वाटेत सांगितलं की इथे जमिनीखाली रोमन लोकांचं घर आहे आणि बाई त्या दारातूनच आत जातात. आई म्हणाली, "रोमन म्हणजे आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ज्यांची मूर्ती निघाली तेच की. समुद्राचा देव. शाळेतनं दाखवायला नेलं होतं आम्हाला." सफरचंदाच्या झाडासमोर बाईंनी बूट पुसले आणि आत गेल्या. आई तिथे थांबली, वाकली आणि तिने चपला काढून बाजूला ठेवल्या.

"अगं, टोचेल," मी म्हणालो.

"घर म्हणतात ना त्या? मग चपला घालून कशी जाऊ कुणाच्या घरात?"

बाईंनी मला विचारलं, काय म्हणाल्या. मी सांगितलं. मूर्तीचंही सांगितलं. मूर्तीचं ऐकून त्या म्हणाल्या, "तुमच्या गावापर्यंत? आणि तिथेही सामान टाकूनच गेले." मग त्यांनी स्वतःच्या बुटांकडे बघितलं. त्या खाली बसल्या, एकेक बूट ओढून काढला आणि जाड लोकरी मोज्यांवर घरात शिरल्या. पुढे आईची परत जायची वेळ आली तेव्हा बाईंनी तिला एक खापर दिलं, कागदात गुंडाळून. आईने ते घेतलं नाही. "त्यांचं आहे ते, इथेच असू दे म्हणावं," ती म्हणाली. बाईंना हे उत्तर इतकं पटलं की नंतर पाहुण्यांना त्या ते सांगत. "आमच्या इंडियाच्या बाई म्हणाल्या," अशी सुरुवात करून.

आता भाच्याबद्दल सांगायला हवं. पन्नाशीचा, आडवातिडवा, कमी बोलणारा माणूस. बाईंना तो टांटे म्हणायचा, म्हणजे आत्या. वाईट नव्हता मुळीच. हिवाळ्यात अंगणातला बर्फ तोच काढायचा. पण बाईंच्या शेताच्या दोन्ही बाजूंना त्याची शेतं होती, तो बीटाचं पीक घ्यायचा आणि त्याला त्या एका तुकड्यासाठी भलंमोठं यंत्र वळवून लांबून न्यावं लागायचं. "एक आत्या आणि एक रोम," तो मला एकदा म्हणाला, "दोघांच्या मध्ये सापडलोय."

त्याच्या पुढच्या वर्षी शरदात बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. इस्पितळ आणि नंतरचं उपचार केंद्र मिळून पाच आठवडे. मीच त्यांना गाडीतून सोडायला गेलो. वाटभर त्या मला सूचना देत होत्या. कोंबड्यांना काय, पाण्याचा नळ कुठे बंद करायचा. शेवटी इस्पितळाच्या दारात माझा हात धरून म्हणाल्या, "आणि शेताकडे लक्ष. तो मदत करायला जाईल. त्याला खोल नांगरू देऊ नका."

मी हो म्हणालो. आणि दुसऱ्याच आठवड्यात कंपनीने मला चार दिवसांसाठी ड्रेस्डेनला पाठवलं.

परत आलो तेव्हा बायको दारातच होती. "तू आधी वर ये आणि खिडकीतून बघ," ती म्हणाली. "मी धावत गेले होते रे, पण तोवर त्याचं झालं होतं."

बाईंच्या शेताची खालची, ओढ्याकडची पट्टी गडद तपकिरी झाली होती. उलटलेल्या मातीत लाल, पांढरे ठिपके दिसत होते. मी तसाच खाली गेलो. कौलांचे तुकडे, चुन्याचे ढेकूळ, आणि त्यात बोटाएवढे, तळहाताएवढे गिलाव्याचे तुकडे. एका बाजूने गुळगुळीत, लाल रंग दिलेले. काहींवर पांढरी रेघ.

भाचा त्याच्या अंगणात यंत्र धूत होता. मी त्याला विचारलं, का केलंत.

"मदत केली," तो म्हणाला. "नाहीतर हिवाळ्यापूर्वी पडीक राहिलं असतं. निम्मंही केलं नाही. दगडांचा आवाज यायला लागला तसा थांबलो."

"त्यांनी सांगितलं होतं, खोल नको."

"हे खोल नाही. बीटाला एवढं लागतंच." मग पाण्याची नळी बंद करून, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "तिला सांगणार का तुम्ही?"

मी आणि बायकोने शनिवार-रविवार दोन्ही दिवस वाकून ते तुकडे वेचले. पाठ मोडून गेली. रंगीत तुकडेच तीन पेट्या भरले. मला सारखं वाटत होतं की बाईंनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

सोमवारी उपचार केंद्रात गेलो. बाई खिडकीशी कुबडी घेऊन बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, ड्रेस्डेनसकट. त्या ऐकत होत्या.

मग त्यांनी विचारलं, "रंग कोणता?"

"लाल."

"लाल कितीतरी असतात. कसा लाल?"

मला जर्मन शब्द सुचेना. "माझी आई कपाळाला लावते ना," मी म्हणालो, "तसा."

बाईंनी डोळे मिटले. "भिंती रंगवलेल्या होत्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला वाटायचं साधी शेतकरी माणसं. पांढरा चुना फासला असेल फार तर." आणि मग, "इतकी वर्षं मला एक तुकडा सापडला नाही, आणि त्या गाढवाला एका दुपारी तीन पेट्या."

त्या हसल्या का रडल्या, मला नीट सांगता येणार नाही. मला मात्र एका शब्दानेही बोलल्या नाहीत. ते मला जास्त लागलं.

घरी आल्यावर त्यांनी भाच्याशी बोलणं बंद केलं. तो बर्फ काढायला आला की त्या आतल्या खोलीत जात, तो गेला की बाहेर येत. ख्रिसमसला त्याने कणकेचा गोड पाव आणून उंबऱ्यावर ठेवला, तो त्यांनी आमच्याकडे वर पाठवून दिला. जानेवारीत एका संध्याकाळी मला खाली बोलावून त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे. पत्र लिहायचं आहे. पुरातत्त्व खात्याला."

"वडिलांना दिलेला शब्द?"

"बाबांना कागदाची भीती होती. त्यांनी हा नांगर बघितला नव्हता." मग म्हणाल्या, "आणि शेत गेलं तर जाऊ दे. घर राहिलं पाहिजे."

पत्र चार ओळींचं झालं. 'माझ्या शेतात एक रोमन घर आहे. मला ते बरीच वर्षं माहीत आहे. कळवायला उशीर झाला याबद्दल क्षमस्व. कृपया येताना स्वच्छ बूट आणावेत.' शेवटचं वाक्य काढू या, असं मी सुचवलं. त्यांनी काढू दिलं नाही.

मार्चमध्ये खात्याचा माणूस आला. दाढीवाला, चाळिशीतला, हसरा संशोधक. त्याच्याकडे एक हलकी ढकलगाडी होती. ती शेतावरून ओळीओळीने फिरवली की जमिनीतले चुंबकीय फरक टिपले जातात आणि खणल्याशिवाय खालच्या भिंतींचं चित्र मिळतं. जवळपास लोखंड नको, असं तो म्हणाला. बाईंनी लगेच सांगितलं की त्यांच्या मांडीत आता धातू आहे. त्या जातीच्या धातूने काही बिघडत नाही, असं मी आणि त्याने दोघांनीही समजावलं, पण त्या ऐकेनात. दोन दिवस त्या शेतापासून लांब, रस्त्याच्या पलीकडे, खुर्ची टाकून बसून राहिल्या. चित्र बिघडलं तर त्यांच्यामुळे नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी संशोधक त्यांच्याकडे आला. "घर तुमच्या बांधाशी संपत नाही," तो म्हणाला. "शेजारच्या शेतात जातं. तिथेही फिरवायचंय. मालक कोण?"

मी म्हणालो, "मी विचारून येतो."

"नको," त्या म्हणाल्या. "माझा भाचा आहे."

काठी टेकत त्या भाच्याच्या अंगणात गेल्या. मी फाटकापाशी थांबलो. पाच महिन्यांनंतरचं त्यांचं बोलणं मला अक्षरन् अक्षर आठवतं.

"त्यांना तुझ्या शेतात जायचंय."

"जाऊ देत."

"बीट पेरला नाहीस ना अजून?"

"नाही."

"बरं." त्या वळल्या आणि पुन्हा थांबल्या. "त्या लाल तुकड्यांवर पांढरी रेघ आहे. बघितलीस का?"

"नाही, टांटे."

"येऊन बघ मग."

तीन आठवड्यांनी संशोधक नकाशा घेऊन आला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने तो पसरला. राखाडी कागदावर काळ्या-पांढऱ्या रेघा. बाईंनी शेजारी आपलं कॅलेंडरचं पान ठेवलं. तो वाकून दोन्ही बघत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही हे नुसत्या डोळ्यांनी काढलंत?" खोल्या जुळत होत्या. भिंती जुळत होत्या. दोन टोकांच्या खोल्या तर हातभरही चुकल्या नव्हत्या. बाईंची मान ताठ झाली.

"फक्त दार," तो जरा चाचरत म्हणाला. "ते इथे नसावं. हे बघा, खांबांचा ओटा पूर्वेला आहे. घराचं तोंड तिकडे. तुम्ही दार काढलंय तिथे सलग भिंत आहे, आणि तिच्यामागे बहुतेक तळघर."

मी बायकोकडे बघितलं. भाचा दाराशी टोपी हातात धरून उभा होता, त्यानेही नजर खाली वळवली. एवढ्या वर्षांत बाई रोज बूट पुसून, अलीकडे बूट काढून, भिंतीतून आत जात होत्या आणि थेट तळघरात उतरत होत्या. माझ्या आईलाही त्यांनी तिथूनच नेलं होतं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नकाशावर बोट फिरवत त्या पूर्वेच्या बाजूला आल्या.

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या शेवटी म्हणाल्या. "सकाळचं ऊन तिथून येतं. मी पण दार तिथेच केलं असतं." मग आमच्याकडे बघून, "पण इतकी वर्षं मी भिंतीतून येतेय, त्यांच्यापैकी कुणी एक शब्दाने सांगितलं नाही. फार सभ्य माणसं असली पाहिजेत."

पहिल्यांदा हसला तो भाचा. पोट धरून हसला, आणि मग बाईही.

संशोधकाने मग नकाशाचं दुसरं टोक दाखवलं. भाच्याच्या शेताखाली एक वेगळी, छोटी इमारत होती. अर्धगोल भिंती, छोट्या छोट्या खोल्या. "स्नानघर," तो म्हणाला. "जमिनीखालून गरम हवा खेळवलेलं. दुर्मीळ नाही, पण हे चांगलं टिकलेलं दिसतंय."

"माझ्या बीटाखाली?" भाचा म्हणाला.

"तुमच्या बीटाखाली."

"किती खोल?"

"तुमच्या नांगराच्या टोकापासून एक वीतभर असेल."

भाच्याने दोन्ही हात पुढे धरून ते अंतर हवेत मोजलं. मग तो बाहेर गेला. खिडकीतून आम्हाला तो ट्रॅक्टरपाशी जाऊन नांगराच्या फाळाला हात लावून उभा असलेला दिसला.

शेत काही सरकारजमा झालं नाही. खातं इथे खणणार नाही, असं संशोधक म्हणाला. जमिनीखाली आहे तेच सगळ्यात सुरक्षित. फक्त नांगर नको, गवत राहू द्या. बाई म्हणाल्या, हे सांगायला सरकारला इतकं लांब कशाला यावं लागलं. त्या वसंतात त्यांनी शेतात गवत पेरलं. आणि मे महिन्यात एका संध्याकाळी काठी टेकत, पूर्वेच्या बाजूने, पहिल्यांदा दारातून आत गेल्या. त्याच वसंतात आम्हाला मुलगी झाली होती, ती तेव्हा दीड महिन्याची होती. तिला त्यांनी बायकोच्या हातून घेतलं आणि खोल्या दाखवत फिरवलं. मी मागे चपला सांभाळत उभा होतो.

त्यानंतर वर्षभराने माझी ड्रेस्डेनला बदली झाली. जागा आम्ही झाडून-पुसून दिली. बाईंनी सगळ्या फळ्यांवरून बोट फिरवून खात्री केली.

पुन्हा जाणं झालं ते दोन वर्षांनी, एका ऑगस्टमध्ये. अंगणात गाडी लावतो न लावतो तोच भाचा समोर आला. माझा हात धरून तो मला थेट शेतात घेऊन गेला. बाईंना भेटू तर द्या, म्हणायलाही सवड दिली नाही. त्याने स्वतःच्या शेताचा तो भागही गवताखाली सोडला होता. खुंट्या ठोकून, दोऱ्या बांधून स्नानघराच्या खोल्या आखल्या होत्या आणि दहा-बारा मेंढ्या घेतल्या होत्या, कारण मेंढी नांगरत नाही. कधी नव्हे इतका बोलत होता. ही गार पाण्याची खोली, ही कोमट, ही गरम. फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर उभी, खालून धूर जायचा, भिंतीतल्या पोकळ विटांतून वर चढायचा. "तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हीच सांगा, दिवसाला लाकूड किती लागत असेल?" मी अंदाज सांगितला. त्याला तो पटला नाही. त्याने स्वतः वेगळा काढलेला होता, वहीत.

तासाभराने कशीबशी सुटका करून घेऊन मी घरात आलो. बायको आणि मुलगी केव्हाच्या येऊन बसल्या होत्या. मुलगी बाईंशी फाडफाड जर्मन बोलत होती. बाई आता चाकाच्या खुर्चीत होत्या, बारीक झालेल्या, पण नजर तीच. टेबलावर मनुकांचा केक होता.

"बसा, हेर इंजेन्योर," त्या म्हणाल्या. "आणि एक विनंती आहे. रोमनांबद्दल काही बोलू नका. सकाळपासून तेच ऐकतेय मी. आईचं सांगा. गुडघे कसे आहेत त्यांचे?"

मी आईच्या गुडघ्यांचं सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग खिडकीकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाल्या, "गावात लोक काय म्हणतात, माहीत आहे? म्हणतात, आता हाही तिच्यासारखाच झाला."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता, की त्यांच्या तोंडावर इतकं समाधान मी त्या माळ्यावरही पाहिलं नव्हतं. त्यांनी सुरी घेतली, केकचा सगळ्यात मोठा तुकडा कापला आणि दुसऱ्या ताटलीत झाकून ठेवला.

"हा त्याच्यासाठी," त्या म्हणाल्या. "आपण सुरुवात करू या. एकदा स्नानघरात शिरला की तो लवकर बाहेर येत नाही."